पोचा

देवळाली कँपाहून फ्रेनीबाई आल्या,
रिक्षा रविवार कारंज्यालाच सोडून,
दुलईच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी
पोटाशी धरून, आजारी मांजर न्यावं तसं.

तांबट लेनमध्ये दुपारी दीडला
हातोडे जेवायला गेलेले असतात.
मी एकटा होतो.

"पोचा काढायचाय," म्हणाल्या. "तुम्ही लोक काढता नी?"

गुलाबदाणी निघाली.
लांब मान, खाली पोट पिवळं.
आपल्या हळदीचं पिवळं नव्हे,
झाडावरच जास्त राहिलेल्या पपनसाचं.
त्यावर गुलाबी फुलं, कुठल्याच झाडाची नसलेली,
एक फुलपाखरू, आणि टोपीवाला साहेब
ज्याचे डोळे साहेबाचे नाहीत.
"रंगवणाऱ्यानं गोरा कधी पाहिलाच नसेल,
चित्र दिलं असेल कुणीतरी, त्यावरून."
त्यांच्या पणज्याचे आजोबा
गलबतातून कँटनला अफू...
इथे थांबल्या. कापूस, म्हणाल्या.
कापूस न्यायचे.

मी नखानं टिचकी मारली.
चिनीमाती लगेच किणकिणते.
ही जरा थबकली, मग आतून बोलली,
आणि ती भाषा मला येत होती.

तांबं.
आतून काच, बाहेरून काच,
तळालासुद्धा निळी काच चढवलेली.
कुठूनही दिसू नये असा बंदोबस्त.
फक्त पोच्याच्या कडेला टवका उडालेला,
करंगळीच्या नखाएवढा,
तिथे भिंग धरलं तर मठार.
दोन ठोके. दोनच.
पण कलले होते उलट्या अंगाला,
म्हणजे डावखुरा असावा.
माझा भाऊ रंगनाथ तसाच ठोकायचा,
बाप त्याच्या मनगटावर पट्टी मारायचा.
दोन ठोक्यांवरून माणूस ओळखू नये, कळतं मला.
तरी मी भिंग खाली ठेवलं नाही.

"निघेल?"

पोचा काढायचा तर आधी लाल करावं लागतं, बाई.
मऊ झालं की तांबं ऐकतं,
आतून सळई, बाहेरून मोगरी, चार ठोक्यांत वर येतं.
पण साहेब ऐकणार नाही.
फुलं ऐकणार नाहीत.
सगळा रंग माझ्या मांडीवर येईल, बांगड्या फुटल्यासारखा.

"मग तो मुंबईवाला निम्मेच देईल."
थोडं थांबून: "तो सांगत होता,
चीनमध्ये ह्याला परदेशी माल म्हणायचे."
आणि आपण चिनी म्हणतो, मी म्हटलं.
"आम्ही तर नुसतं 'गुलाबदाणी' म्हणतो," बाई म्हणाल्या,
"लग्नात निघायची. नंतर लग्नंच निघेनात."

मागच्या फळीवर माझ्या दोनशे बाटल्या होत्या,
हॅम्बुर्गच्या. पाणी प्यायच्या.
तळाशी ठसा मारतो ती अक्षरं मला वाचता येत नाहीत.
पोटावर कमळ, दहा पाकळ्यांचं, त्यांनी कागद पाठवलाय.
मी कमळं पाहिली आहेत.
ठोकतो मात्र कागदावरचं.
बाईंनी एक उचलून पाहिली, परत ठेवली,
काही बोलल्या नाहीत. बरं केलं.

टवक्यात हिरवं धरलं होतं.
तेवढं काढून देतो म्हटलं, त्याला पैसे नकोत.
चिंचेचा कोळ बोटावर घेतला,
नखाएवढ्या खिडकीत गोल फिरवला, पुसला.
लालभडक उघडलं,
कालच कुणी ठोकून ठेवल्यासारखं.
साहेब शेजारीच उभा होता. त्याला पत्ता नव्हता.

दोन वाजले.
समोर सुधाकर दांडेकरांच्या दुकानात
हंड्यावर पहिला ठोका पडला,
आणि गल्ल्यावरच्या पिवळ्या पोटातून
अगदी बारीक, कुणीतरी ओ दिली.

"काय?" बाईंनी विचारलं.

काही नाही, म्हटलं.
कँपाची रिक्षा शालिमारला मिळेल.
दुलई नीट गुंडाळा. मानेला धरू नका.